रंग पोटातून येतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला भाषणाला बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, असं आपण गृहीत धरतो. आज मात्र मी माशांवर बोलणार आहे. मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझं सख्य दहावीपर्यंतच. पण एका माशाने मला माझ्याच दारात खाली मान घालायला लावली आणि तेव्हापासून या विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

सहासात वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची वेळ होती. आमच्या मेहकरातले एक गुरुजी हातात काचेची बरणी घेऊन दारात उभे राहिले. बरणीत दोन गोल्डफिश होते. नावाला 'गोल्ड'; रंग मात्र धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखा. गुरुजी सज्जन माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "नातीसाठी नेले होते तुमच्या पुतण्याकडून. लालभडक होते हो. पोरगी रोज विचारते, आजोबा, मासे आजारी आहेत का?"

पुतण्या आतून आला. त्याने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. कारण त्या रंगाची पुडी मीच आणून दिली होती.

आता थोडं मागे जातो. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. त्यातून आमच्या भावाच्या शेतात तीस बाय तीस मीटरचं तळं झालं. प्लॅस्टिकचं अस्तर टाकलं. त्यात कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली सोडली. आमच्याकडे पेनटाकळीच्या धरणातला मासा बाजारात येतो, पैनगंगेचा येतो. त्यात आमच्या तळ्याचा मासा तो किती! पुतण्याने मग डोकं चालवलं. विहिरीजवळ सिमेंटच्या चार टाक्या बांधल्या आणि शोभेचे मासे सुरू केले. गोल्डफिश आणि कोई कार्प. खामगाव, अकोला, जालना इथल्या दुकानदारांशी बोलणी केली. घरात पहिल्यांदाच शेतीबाहेरचा पैसा येऊ लागला.

अडचण एकच आली. विकत आणलेली जोडी लालबुंद असायची, पण आमच्या टाकीत महिना-दोन महिन्यांत फिकी पडायची. दुकानदार भाव पाडायचे. पुतण्या मला म्हणाला, "चाचा, मासा धडधाकट आहे, पोहतो आहे, खातो आहे. फक्त रंग नाही म्हणून निम्मे पैसे देतात."

त्याच दिवाळीत मी एका कविसंमेलनासाठी मोठ्या शहरात गेलो होतो. तिथे माशांच्या खाद्याचं एक दुकान दिसलं. दुकानदाराने एक पुडी हातात दिली. म्हणाला, "पंधरा दिवसांत रंग येईल. वाढही होईल." पुडीवर ना नाव, ना घटक, ना तारीख. मानधनाच्या पाकिटातून मी पैसे काढून दिले. पुतण्यासाठी काहीतरी केल्याचं समाधान घेऊन घरी आलो.

रंग आला. दुकानदाराचं बोलणं खरं ठरलं. पंधराव्या दिवशी टाकीत जणू गुलाल पडला होता. माल हातोहात गेला. पुतण्याने त्यातली दहा-बारा चांगली जनावरं पुढच्या विणीसाठी मागे ठेवली. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने टाकीत जलपर्णीची मुळं सोडली, कारण गोल्डफिशची अंडी चिकट असतात, ती मुळांना चिकटतात. रोज सकाळी तो मुळं उचलून पाहायचा. एकही अंडं नाही. पुडी संपली होती, आणि रंगही उतरू लागला होता. त्याच आठवड्यात गुरुजी बरणी घेऊन आले.

पुतण्याने गुरुजींचे पैसे परत केले. मी ओशाळून आत गेलो.

पुढे मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, मासा रंग कुठून आणतो, हे कधी पाहिलंत का?" मी म्हणालो, "देव देतो." ते हसले. म्हणाले, "देव देतो हे खरं, पण खाण्यातून देतो."

त्यांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. माशाचा लाल, केशरी, पिवळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना केरोटिनॉइड म्हणतात. गाजराचा रंग, टोमॅटोचा रंग, झेंडूचा रंग, लाल मिरचीचा रंग ही सगळी याच कुळातली भावंडं. ही द्रव्यं वनस्पती तयार करतात, शेवाळ तयार करतं, काही सूक्ष्म जीव तयार करतात. मासा ती स्वतः तयार करू शकत नाही. त्याला ती खावीच लागतात. नदीत, डबक्यात मासा शेवाळ खातो, पाण्यातले बारीक कीटक आणि झिंगे खातो, आणि तो रंग त्याच्या कातडीतल्या रंगपेशींमध्ये जाऊन बसतो. आमच्या सिमेंटच्या टाकीत काय होतं? शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा. पोट भरत होतं, पण रंगाचं दाणापाणी बंद होतं.

हे ऐकल्यावर मला आमची आई आठवली. घरच्या कोंबडीचं अंडं फोडलं की ती बलक दाखवायची. अंगणात, उकिरड्यावर, हिरव्या गवतात फिरलेल्या कोंबडीचा बलक गर्द केशरी असायचा. पिंजऱ्यातल्या कोंबडीला नुसता पांढरा दाणा घातला तर बलक फिका पडतो. पिवळा मका दिला की रंग भरतो. आज कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात तो यासाठीच. मात्र बलक गडद झाला म्हणून अंड्यातली प्रथिनं वाढत नाहीत. कोंबडीने काय खाल्लं, एवढंच तो रंग सांगतो.

अधिकारी पुढे म्हणाले, माशाला रंग आणण्याचे तीन रस्ते आहेत. एक सुईचा, एक औषधाचा आणि एक ताटाचा.

सुईचा रस्ता ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आपल्या भारतातल्या नद्यांत एक इवलासा काचेसारखा पारदर्शक मासा असतो. त्याच्या अंगातून पलीकडचं दिसतं. आग्नेय आशियातल्या व्यापाऱ्यांनी या माशाला सुईने गुलाबी, हिरवे, निळे रंग टोचून विकायला सुरुवात केली. सुई आपल्या बोटाला टोचावी तशी नव्हे; माशाच्या आकाराच्या मानाने ती खिळ्याएवढी. कित्येक मासे त्यातच मरत. जे जगत त्यांचा रंग काही महिन्यांत उडून जाई. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या मत्स्यप्रेमींनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि अनेक दुकानदारांनी असे मासे ठेवणं बंद केलं.

दुसरा रस्ता औषधाचा, म्हणजे नराच्या संप्रेरकाचा. अनेक जातींत नर मासा विणीच्या काळात जास्त भडक दिसतो. ते संप्रेरक खाद्यात मिसळलं की मादीही आणि कोवळं पिल्लूही झटपट रंग धरतं. पण त्याने जननसंस्था बिघडते. विणीचं जनावर वांझ होऊ शकतं. औषध थांबलं की रंगही ओसरतो. हे ऐकताना मला आमची रिकामी जलपर्णी दिसत होती. आमच्या पुडीत हेच होतं असं मी म्हणणार नाही, कारण पुडी आम्ही तपासून घेतली नव्हती. पण ज्या वस्तूवर काहीच लिहिलेलं नाही ती मी दुसऱ्याच्या पोटात घातली, हा दोष माझाच.

तिसरा रस्ता ताटाचा. तो लांबचा आहे. आणि तो मला समजला लोणारच्या काठावर.

२०२० सालचा जून महिना तुम्हाला आठवत असेल. टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती आणि बातमी आली की लोणारचं सरोवर गुलाबी झालं. मेहकरहून लोणार वीस-पंचवीस किलोमीटर. पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून मी गेलो. लहानपणापासून पाहिलेलं हिरवट पाणी, आणि त्या दिवशी वरून पाहतो तर रूहअफजा ओतल्यासारखं! लोक नाना तर्क करत होते. कोणी अवकृपा म्हणत होता, कोणी चमत्कार. अमेरिकेच्या नासाने उपग्रहातून घेतलेली २५ मे आणि १० जूनची दोन छायाचित्रं प्रसिद्ध केली. पहिल्यात पाणी हिरवं होतं, दुसऱ्यात गुलाबी.

पाण्याचे नमुने तपासायला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की हा रंग हॅलोआर्किया नावाच्या, खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि हे जीव फोफावले. आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. ते पाणी भांड्यात स्थिर ठेवलं तर जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळशंख होतं. म्हणजे पाणी गुलाबी झालंच नव्हतं. रंग त्या जीवांच्या पोटात होता. आणि तो रंग कोणता, तर त्याच केरोटिनॉइडच्या कुळातला.

लोणारच्या पाण्याशी जुनं नातं असलेला एक पक्षी आहे, रोहित; आपण त्याला फ्लेमिंगो म्हणतो. त्याचं पिल्लू जन्मतः राखाडी असतं. असल्याच खारट पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन त्याच्या पिसांवर गुलाबी चढतो. प्राणिसंग्रहालयात साधं खाणं दिलं तर तो पांढरट होतो, म्हणून तिथे त्याच्या खाण्यात हीच द्रव्यं मिसळावी लागतात. काठावर उभा असताना पुतण्या म्हणाला, "चाचा, म्हणजे आपली टाकी म्हणजे प्राणिसंग्रहालयच की. आपण साधं खाणं देत होतो." मी इतकी पुस्तकं वाचली, पण ही ओळ त्याला सुचली.

मग प्रश्न पडला, असं मुद्दाम खाण्यात घालणं म्हणजे फसवणूक आहे का? याचं मोठं उदाहरण परदेशात आहे. नॉर्वेच्या समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यात सॅमन मासा पाळतात. रानातला सॅमन समुद्रातले झिंग्यासारखे बारीक जीव खातो, म्हणून त्याचं मांस केशरी-गुलाबी असतं. त्यातल्या द्रव्याचं नाव अ‍ॅस्टाझॅन्थिन. पिंजऱ्यातल्या माशाला ते दिलं नाही तर मांस फिकट करडं राहतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून एका किलो खाद्यात साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम अ‍ॅस्टाझॅन्थिन मिसळतात. बहुतेक वेळा ते कारखान्यात बनवलेलं असतं; काही ठिकाणी शेवाळापासून काढलेलं. रंगाच्या दुकानात भिंतीसाठी छटांचा पंखा मिळतो ना, तसा सॅमनच्या मांसासाठी रोश कंपनीने पंखा काढला. त्यात २० ते ३४ असे छटांचे क्रमांक आहेत.

हे वाचून मला प्रथम रागच आला. पण पुढे वाचलं तेव्हा राग थोडा निवळला. कारण हे द्रव्य नुसती रंगरंगोटी नाही. मासा त्यातून अ जीवनसत्त्व तयार करतो. नव्वदच्या दशकात नॉर्वेतल्या संशोधकांनी नुकत्याच खाऊ लागलेल्या सॅमनच्या पिल्लांवर प्रयोग केले. ज्यांच्या खाद्यात अ‍ॅस्टाझॅन्थिन किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी होतं, त्यांची वाढ खुंटली. आणि रानातली सॅमन मादी अंडी घालायच्या वेळी आपल्या मांसातला रंग काढून अंड्यांना देते. अंडी लाल होतात, आई फिकी पडते. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

मात्र 'वाढ होईल' या शब्दाने कोणी भुलू नये. कमतरता असेल तर ती भरून निघते, इतकंच. मुठीने रंग घातला म्हणून मासा दुप्पट होत नाही. वाढ होते प्रथिनांनी, स्वच्छ पाण्याने, पाण्यातल्या प्राणवायूने. आणि अतिरेकाला लगाम हवाच. याच कुळातलं कॅन्थाझॅन्थिन नावाचं दुसरं द्रव्य आहे. कातडी सावळी दिसावी म्हणून त्याच्या गोळ्या खाणाऱ्या लोकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर त्याचे बारीक स्फटिक साचल्याचं आढळलं. म्हणून २००३ साली युरोपीय संघाने सॅमनच्या खाद्यातली त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅमवरून २५ वर आणली. त्याच वर्षी अमेरिकेत ग्राहकांनी मोठ्या दुकानदारांवर दावे लावले. त्यांची तक्रार रंग घातल्याची नव्हती. रंग घातला हे वेष्टनावर सांगितलं नाही, ही होती.

मला वाटतं, सगळा मुद्दा इथे आहे. गुरुजींची नात रडली ती रंग उडाला म्हणून. पण गुरुजी दारात आले ते आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं म्हणून.

आपल्या ताटातल्या माशाबद्दलही एक सांगून ठेवतो. कटला, रोहू, मृगळ यांचं मांस पांढरंच असतं आणि पांढरंच राहतं. रंगाचं खाद्य दिल्याने ते सॅमनसारखं गुलाबी होत नाही. त्यामुळे तळ्यातल्या रोहूसाठी कोणी रंगाची महागडी पावडर विकू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि बाजारात मासा घेताना अंगाच्या रंगापेक्षा डोळे आणि कल्ले पाहा. डोळा भरलेला हवा, कल्ला ताजा लाल हवा, बोटाने दाबलेलं मांस परत वर यायला हवं. आमच्याकडच्या भोई बाया हे एका नजरेत ओळखतात.

आता आमच्या टाक्यांचं काय झालं ते सांगतो. २०२०च्या दसऱ्यानंतर आमच्या रस्त्याकडेला झेंडूचे ढीग पडले होते. हे दरवर्षीचंच दृश्य आहे. सणाच्या सकाळी भाव, संध्याकाळी उकिरडा. पुतण्याने एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, ज्या वाफ्यावर औषध फवारलेलं नव्हतं तिथलीच फुलं आणली. फवारलेलं फूल माशाला विष आहे, हे लक्षात ठेवा. पाकळ्या सावलीत वाळवल्या, कारण उन्हात हा रंग उडतो. दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. पेंड आणि कोंड्यात ही पूड थोडी मिसळली, बरोबर चमचाभर गोडं तेल, कारण हा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. विकत आणलेलं स्पिरुलिना नावाचं शेवाळही थोडं घातलं. गोल्डफिश आणि कोई यांना एक देणगी आहे. शेवाळातल्या पिवळ्या द्रव्यापासून ते स्वतःच्या अंगात लाल द्रव्य घडवू शकतात. सॅमनला ते जमत नाही. टाकीवरचं अर्धं छप्पर पुतण्याने काढलं, कारण अंधारात गोल्डफिश फिका पडतो.

पंधरा दिवसांत काहीच झालं नाही. महिन्याने पुतण्या म्हणाला, "चाचा, जरा फरक वाटतो." मला वाटत नव्हता, पण मी हो म्हणालो. दीड-दोन महिन्यांनी मलाही दिसला. दुकानातल्या इतका भडक तो रंग आला नाही. पण पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने जलपर्णीची मुळं उचलून मला हाक मारली. मुळांना साबुदाण्याच्या कण्यांसारखी अंडी चिकटली होती.

मित्रहो, जाता जाता एक घरगुती गोष्ट. कविसंमेलनात माझं वाचन झालं की कोणीतरी प्रेमाने पाठ थोपटून म्हणतं, "मुसलमान असून किती छान मराठी हो तुमचं!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या अंगावर कोणी वरून रंग दिलाय अशा नजरेने माणूस पाहतो, तेव्हा थोडं अवघडायला होतं. मी मराठी कुठून आणली? शेजारच्या जात्यावरच्या ओव्यांतून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून, पैनगंगेच्या घाटावरच्या भांडणांतून, बाजारातल्या घासाघिशीतून. पन्नास वर्षं जे खाल्लं तेच अंगावर आलं. आता अशा वेळी मी त्या गृहस्थांना आमच्या माशांची गोष्ट सांगतो. ते हसतात, मीही हसतो.

पुतण्या आता प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी चिकटवतो. अक्षर त्याचं, मजकूर आम्ही दोघांनी मिळून केला. 'या माशांना झेंडूची पाकळी, स्पिरुलिना, शेंगदाण्याची पेंड व कोंडा दिला आहे. असं खाणं व उजेड मिळाला नाही तर रंग कमी होईल. मासा आजारी आहे असे समजू नये.' शेवटचं वाक्य गुरुजींच्या नातीसाठी आहे. पहिली जोडी आम्ही तिलाच नेऊन दिली, आणि पाकळ्यांच्या पुडीचा एक छोटा डबाही. त्या डब्यावर काय आहे ते लिहिलेलं होतं.